फाटलेला कोपरा तसाच राहू द्या



आज एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझीच आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

माझं स्वतःचं एक साधं संकेतस्थळ आहे. डी.एड. करताना काडेपेट्यांवरची चित्रं आणि पोस्टाची तिकिटं जमवायची सवय लागली. ती सगळी वही स्कॅन करून मी त्यावर टाकली. मग वाटलं, वर्गातल्या मुलांनाही यात घ्यावं. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांना सांगितलं, "घरात काय जुनं सांभाळून ठेवलंय ते विचारा. घरच्यांनी हो म्हटलं तरच आणा. आपण त्याचं चित्र काढून ठेवू." परिसर अभ्यासात जुन्या वस्तूंतून भूतकाळ कळतो हे आपण शिकवतोच. म्हटलं, प्रत्यक्षच करू.

मुलांनी काय काय आणलं! एस.टी.ची पातळ रंगीत तिकिटं, कंडक्टरने भोकं पाडलेली. दशावताराच्या नाटकाचं हँडबिल. एकीने आजोबांच्या मनीऑर्डरच्या पावत्यांचं पुडकं आणलं, सुतळीने बांधलेलं. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातल्या किती चुली पेटल्या हे आपण भाषणात ऐकतो, पण ते पुडकं हातात घेतल्यावर जे कळलं ते वेगळंच. आणि एका मुलाने आणलं एक पोस्टकार्ड.

कार्ड पिवळं पडलेलं, मधोमध घडी, पोस्टाचा शिक्का पुसट, आणि वरचा उजवीकडचा कोपरा फाटलेला. पत्ता होता ता. देवगड, जि. रत्नागिरी. मुलगा म्हणाला, "बाई, पत्तो चुकलेलो आसा. देवगड सिंधुदुर्गात ना?" मला बरं वाटलं, कारण इथेच धडा सुरू होतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. म्हणजे कार्ड त्याआधीचं. पत्त्यात पिनकोड नाही, आणि पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे आणखी मागे जाता येतं. छापील तिकिटावर किमतीपुढे 'नये पैसे' असं होतं. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि 'नया' हा शब्द गेला १९६४ मध्ये. बघा, मजकुराची एक ओळ न वाचता चौथीच्या मुलांनी त्या कार्डाला सात वर्षांच्या चौकटीत आणून बसवलं. शिक्क्यावरचं साल तेवढं लागेना.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं.

त्या दिवशी शाळेत लाईट नव्हती, म्हणून मी स्कॅनरऐवजी मोबाईलने कार्डाचा फोटो काढला आणि रात्री घरी तो 'नीट' करायला बसले. नीट म्हणजे काय, तर ॲपमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की कागद पांढराशुभ्र होतो, शाई काळीभोर होते. मला आवडलं. मग दुसरं बटण दाबलं, डाग काढणारं. मग तिसरं. त्याने घडीची रेघ गेली, आणि फाटलेला कोपरा ॲपने स्वतःच भरून टाकला. इतका बेमालूम की कुणाला कळू नये. शिक्काही ठसठशीत दिसायला लागला. मी ते चित्र संकेतस्थळावर टाकलं आणि मुलाच्या घरच्यांना पाठवलं. मनातून थोडी खूशच होते, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी मुलाची आजी त्याला सोडायला शाळेत आली. मी मोबाईलवर चित्र दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्यां आमचां पत्र नाय. आमच्या पत्राचो कोपरो फाटलेलो आसा."

मी म्हटलं, "आजी, तेच आहे. मी फक्त स्वच्छ केलंय."

ती म्हणाली, "कोपरो फाटलो नाय, बाई. फाडलेलो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्यातल्या अनेकांना ही रीत माहीत असेल. शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यांवर हळदकुंकू लावायचं, आणि कुणी गेल्याचं पत्र असेल तर त्याचा कोपरा फाडून पाठवायचं. पोस्टमनने पत्र हातात दिल्याबरोबर, अक्षर न वाचताच घरात रडारड सुरू व्हायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठीही तो कोपरा पुरेसा होता. हे पत्र आजीच्या वडिलांच्या मृत्यूचं होतं. ते मुंबईत गिरणीत होते. गावकऱ्यांच्या खोलीत सोबत राहणाऱ्या कुणीतरी ते लिहिलं होतं. "अशी पत्रां घरात ठेवूची नसतत," आजी म्हणाली, "पण माझ्या आवशीन ठेवल्यान." वाचून फाडून टाकायचं पत्र त्या बाईने रीत मोडून ट्रंकेत जपलं, नंतर मुलीने जपलं, आणि मी एका रात्रीत त्यातली खरी बातमीच खोडून टाकली. त्या कार्डावरचं सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे तो नसलेला कोपरा होता.

शिक्क्याचंही तेच. ठसठशीत दिसणारी अक्षरं मी मोठी करून पाहिली तर ती कुठल्याच लिपीतली नव्हती. ॲपला जे वाचता आलं नाही ते त्याने अंदाजाने रेखाटलं होतं. मुलांनी त्यावरून साल ओळखायचा प्रयत्न केला असता तर काय केलं असतं, कोण जाणे.

म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे आणि ते मी कुठल्याही मुलाम्याशिवाय सांगते. जुन्या वस्तूचं चित्र संकेतस्थळावर टाकताना ते सुंदर करायचं नसतं. डाग, घड्या, भोकं, कसरीने खाल्लेली कड, तिरका लागलेला शिक्का हे सगळं त्या वस्तूचं बोलणं आहे. एस.टी.च्या तिकिटावरचं भोक 'भरलं', तर ते तिकीट कुणी काढलंच नव्हतं असं होतं. वापरलेल्या तिकिटावरचा शिक्का पुसला की ते पत्र कुठून निघालं हे गेलं.

आपल्याकडे हे भान जुनं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. जुने कागद छापणाऱ्या आपल्या संशोधकांची पद्धत बघा. कागद जिथे फाटला आहे तिथे टिंबं द्यायची. तिथे काय शब्द असेल याचा त्यांच्याइतका चांगला अंदाज दुसऱ्या कुणाला आला असता? तरी त्यांनी तो मजकुरात घुसडला नाही. टिंबं म्हणजे "इथे कागद नाही" ही प्रामाणिक कबुली. माझ्या ॲपला ही टिंबं द्यायला कुणी शिकवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग एडिटिंग करायचंच नाही का? पुसट पेन्सिलचं अक्षर मुलांना वाचता तर आलं पाहिजे! अगदी बरोबर. माझा विरोध एडिटिंगला नाही, मूळ चित्रावर एडिटिंग करण्याला आणि ते न सांगण्याला आहे. माझी आत्ताची पद्धत सांगते. तंत्रज्ञ नाही मी, एमएस-सीआयटीत पेंट शिकले तेवढंच. पण चुकत चुकत जमलं आहे.

शक्य असेल तर फोटोऐवजी साधा सपाट काचेचा स्कॅनर वापरा. बहुतेक शाळांत प्रिंटरच्या डोक्यावर तो असतोच, आपण त्यावर फक्त आधार कार्डं स्कॅन करतो. काच आधी मऊ कापडाने पुसा, नाहीतर काचेवरचा ठिपका प्रत्येक चित्रात येईल आणि पुढे कुणीतरी तो वस्तूवरचा डाग समजेल. सेटिंगमध्ये 'ऑटो' काहीही असेल ते बंद करा. कागद काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, कारण पिवळेपणा, निळी शाई, लाल शिक्का हे रंगातच कळतं. ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर असतं. या हिशेबाने त्याचं चित्र साधारण ३३०० बाय २१०० ठिपक्यांचं होतं आणि टिफ प्रकारात ठेवलं तर सुमारे २१ एमबी जागा घेतं. जास्त वाटतं, पण मुलांचे नाचाचे व्हिडिओ आपण याहून मोठे ठेवतो. जेपीईजी प्रकारात जागा कमी लागते. पण ते चित्र उघडून बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं, वरवंट्यासारखं. म्हणून मूळ टिफमध्ये, आणि त्याला नंतर हात लावायचा नाही. नावातच 'मूळ' असं लिहायचं.

मग त्याची प्रत काढायची. जे काय करायचं ते तिच्यावर. सरळ करा, उजेड वाढवा, पुसट अक्षर गडद करा, संकेतस्थळासाठी १२०० ठिपके रुंदीचं लहान करा. खाली एका ओळीत लिहा: 'वाचता यावं म्हणून गडद केलं आहे.' बस्स. भरणं, जोडणं, डाग काढणं मात्र प्रतीवरही नको.

कापताना घाई करू नका, हे मी स्वतःला दर वेळी बजावते. आपल्याला चौकट अगदी कडेला लावायची हौस. पण कड दिसली नाही तर कागद तिथे संपला की आपण कापला हे कळत नाही. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा. मागे काळा कागद ठेवला तर कड उठून दिसते. पातळ कागद असेल तर मागच्या बाजूची अक्षरं पुढे डोकावतात, तीही काळ्या कागदाने बरीच दबतात. पोस्टाच्या तिकिटांना तर काळा कागद हवाच, कारण त्यांचे दाते पांढरे. हे दाते मोजण्याची जगभर एकच रीत आहे: २ सेंटिमीटरमध्ये किती. सारखीच दिसणारी दोन तिकिटं कधी कधी दात्यांवरूनच वेगळी ओळखतात. माझ्या वर्गात मुलं पट्टी घेऊन स्क्रीनवर दाते मोजतात. मापन आणि भागाकार दोन्ही होतात आणि कुणी कंटाळत नाही. दाते कापून टाकलेल्या चित्रावर हा तास घेता येईल का? स्कॅन करताना शेजारी एक छोटी पट्टी ठेवली तर आणखी उत्तम.

नाण्यांना स्कॅनर चालत नाही. स्वस्त स्कॅनरला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं, जरा उंच असलेलं धूसर होतं. शिवाय उजेड समोरून येतो, त्यामुळे नाण्यावरचा उठाव मरतो. एका मुलाच्या घरी शिवराई होती, ते तांब्याचं जाड नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपती'. सकाळी खिडकीशी ठेवून, एकाच बाजूने तिरपा उजेड घेऊन फोटो काढला तेव्हा स्कॅनमध्ये गायब झालेली अक्षरं उभी राहिली. एक कळकळीची विनंती: फोटोआधी नाणं चिंचेने किंवा आमसुलाने घासू नका! आमच्याकडे देव घासावेत तसं नाणं घासतात. त्यावरचा काळसर-हिरवट थर शंभर-दोनशे वर्षांत बसलेला असतो. तो निघाला की नाण्याचं वय गेलं, आणि घासताना अक्षरंही थोडी जातात. ॲपमधली 'चमक' वाढवणं हे त्याच आमसुलाचं डिजिटल रूप आहे.

नोटांचं एक सांगून ठेवते. जुन्या नोटांची स्कॅन केलेली चित्रं छापून वर्गात वाटू नका. नोटेशी मिळतंजुळतं दिसणारं काही तयार करणं, वापरणं, वाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. गणिताच्या तासाला आपण खेळातल्या नोटा वापरतो त्या खेळातल्याच दिसू देत.

आपल्या हवेचंही बघायला हवं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापड मऊ पडतो तसा कागद मऊ पडतो. ओलसर कागद काचेवर दाबला की चिकटतो, उचलताना शाई काचेवर राहते. मी आता ट्रंका दसऱ्यानंतरच उघडायला सांगते. आणि लॅमिनेशन! पालकहो, हात जोडून सांगते, जुनं पत्र, फोटो, दाखला काहीही लॅमिनेट करू नका. गरम प्लॅस्टिकमध्ये अडकलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. सेलोटेपही नको, तो काही वर्षांत तपकिरी होतो आणि डाग कागदात उतरतो. फाटलं असेल तर फाटलेलं राहू दे, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा. चित्र एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवलं की ते आकसतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसंच्या तसं जातं.

आमच्या तळेऱ्यातल्या लोकांना संग्रह म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इथे निकेत पावसकर यांनी 'अक्षरोत्सव' या नावाने नामवंतांच्या हस्ताक्षरांचा, संदेशपत्रांचा संग्रह उभा केला आहे. हस्ताक्षर म्हणजे काय असतं? पेन कुठे दाबलं, शाई कुठे संपत आली, ओळ कुठे वर चढली. असा कागद ॲपच्या बटणाखाली घातला तर शब्द उरतील, माणूस जाईल. मोठ्या संस्थांचंही हेच म्हणणं. पुण्याच्या सी-डॅकने देशातल्या संग्रहालयांसाठी जी संगणकप्रणाली केली तिचं नावच 'जतन' आहे. वस्तूचं चित्र आणि तिची नोंद, म्हणजे माप, पदार्थ, कुठून आली, दोन्ही एकत्र ठेवायचं असा तिचा हिशेब. आपण चित्रावर तासभर घालवतो आणि नोंदीला दोन ओळीही देत नाही. माझ्या मते उलट हवं. चित्र जरा वाकडं असलं तरी चालेल, पण वस्तू कुणाच्या घरची, घरात काय सांगतात, कोणत्या दिवशी स्कॅन केली हे हवंच. पंचवीस वर्षांनी चित्र कदाचित मूळ कागदावरून पुन्हा काढता येईल. आजीची आठवण पुन्हा काढता येणार नाही.

आपल्या शाळांत सध्या जे काही करू त्याचा फोटो अपलोड करावा लागतो, आणि तो चांगला दिसावा लागतो. मी कुणाला दोष देत नाही. पण या सवयीने आपला हात आपोआप 'सुंदर करा' बटणाकडे जातो, आणि मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात. मी चौथीच्या मुलांसमोर ते बटण दाबलं असतं तर पुरावा बदलला तरी चालतो, छान दिसलं म्हणजे झालं, हेच त्यांनी उचललं असतं. हे मला डागापेक्षा जास्त टोचतं.

परवानगीचा मुद्दा तर मी सुरुवातीला अर्धाच पाळला होता. घरच्यांनी वस्तू आणायला हो म्हटलं याचा अर्थ ती जगाला दाखवायला हो म्हटलं असा होत नाही. पत्राचा कागद आपला असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि आपल्या कायद्याप्रमाणे तो त्याच्या मृत्यूनंतरही वारसांकडे राहतो. कायदा बाजूला ठेवला तरी पत्रांत कर्ज असतं, भांडण असतं, आजार असतो, कुणाच्या सुनेबद्दल काहीबाही असतं. नावं तर गावातलीच. पूर्वी पोस्टकार्ड सगळा गाव वाचायचा हे खरं, पण गाव म्हणजे गाव, इंटरनेट नव्हे. आता मी घरी जाऊन, काय दिसेल ते मोबाईलवर दाखवून, दोन वेळा विचारते. एकदा घरातल्या मोठ्या माणसाला आणि एकदा ज्याची आठवण आहे त्याला. बहुतेक वेळा ही दोन माणसं वेगळी असतात.

त्या कार्डाचं पुढे काय झालं ते सांगते. मी आधीचं चित्र काढून टाकलं आणि आजीकडे गेले, स्कॅनर पिशवीत घालून. तिने ट्रंकेतून कार्ड काढलं, नातवाने मागे काळा कागद धरला. फाडलेला कोपरा काळ्यावर स्वच्छ दिसला. काठाचे तंतूसुद्धा दिसत होते. कात्रीने कापलेला नव्हता, हाताने फाडलेला. मुलाने विचारलं, "कोणी फाडल्यान?" आजी म्हणाली, लिहिणाऱ्याने. त्याने त्या काठावरून काचेवरच बोट फिरवलं.

आता पत्त्याची बाजू संकेतस्थळावर आहे, डागांसकट, घर आणि गावाचं नाव झाकून. झाकलं आहे हे खाली लिहिलं आहे. शिक्क्यातलं साल अजूनही लागत नाही, तिथे आम्ही टिंबं दिली आहेत. मजकुराच्या बाजूचं स्कॅन पेनड्राइव्हवर घालून आजीलाच दिलं, माझ्या संगणकावरून पुसलं. ती बाजू टाकू का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तां आमच्याच घरात रवांदे."